शेऱ्याचा रकाना

८ डिसेंबर, रविवार दुपार

ताई,

फोन करू नकोस, ते बघतात, असं तू निघताना म्हणालीस, म्हणून केला नाही. हे पत्र तू कामाला लागलीस त्या लाँड्रीच्या पत्त्यावर पाठवतेय. पत्ता तुझ्या जुन्या शेजारणीनं दिला. तुझ्या मुकादमबाई जिभेनं तिखट असल्या तरी माणूस चांगलं आहे असं ती म्हणाली, तेव्हा त्याच तुला वाचून दाखवतील असं धरून लिहिते. त्यांना माझे आभार सांग. अक्षर बारीक आहे, पण सुवाच्य आहे.

तुम्ही जाऊन एकतीस दिवस झाले. मुद्दाम मोजत नाही, हजेरीपटावर रोज तारीख घालावी लागते, त्यात मोजले जातात. तुझ्या टिटवीचं नाव अजून पटावर आहे. नवी शाळा दाखला मागवेपर्यंत ते काढता येत नाही. मी रोज ते नाव घेते आणि पुढे जाते. पहिल्या आठवड्यात मुलं ओरडायची, "नाहीये बाई, गेली ती!" आता कोणी ओरडत नाही. तिच्या बाकावर बसणारी मुलगी अजून अर्ध्याच बाकावर बसते. मी तिला म्हटलं, ऐसपैस बस की. ती म्हणाली, "सवय नाही बाई."

जे झालं ते मला नीट सांगायचं आहे. तू शाळेच्या फाटकाशी आलीस तेव्हा मला बोलू दिलं नाहीस, आणि दिलं असतंस तरी मला बोलता आलं नसतं. मी तुझ्या अनवाणी पायांकडे बघत होते.

आमच्याकडे शुक्रवारचा शेवटचा तास 'मनाचा तास' असतो, हे तुला माहीत आहे. बाक कडेला सारायचे, मुलांनी गोल बसायचं. लोकरीचा एक गुंडा फिरतो. तो ज्याच्या हातात, त्यानं बोलायचं. या आठवड्यात कशाचा राग आला, कशाची भीती वाटली, कशानं बरं वाटलं. बोलायचं नसेल त्यानं गुंडा मुकाट पुढे द्यायचा. तुला सांगितलं तेव्हा तू पोट धरून हसली होतीस. "पोरांना रडायला शिकवायचा पगार घेतेस होय गं, मास्तरीणबाई?"

या वर्षी प्रगतिपुस्तकात एक नवा रकाना आला, 'मन आणि वागणूक'. त्यात शेरा लिहायचा. आणि सूचना अशी होती की शिक्षकांनी आपलं मत लिहू नये, मूल या तासाला जे बोललं त्यातलं एखादं वाक्य जसंच्या तसं लिहावं, म्हणजे पालकांना मुलाचं मन कळेल. चौतीस मुलांचे चौतीस शेरे मी लिहिले. टिटवीचाही लिहिला. त्यात मी काही घातलं नाही, त्यातून काही गाळलं नाही. ती म्हणाली होती, "आई नळ सोडून रडते. मी बाहेर तिच्या चपला मांडीवर घेऊन बसते, म्हणजे ती कुठे जाणार नाही."

ते तू वाचावंस आणि तुला कळावं की पोरीला सगळं कळतं, एवढंच माझ्या मनात होतं.

पुढची ओळ लिहायला मला फार वेळ लागला, ताई. तुला वाचता येत नाही, हे मी विसरले. वरती छापलं होतं 'पालकांसाठी', आणि मी एका पालकाला लिहीत होते. बोट धरून मला शाळेत सोडणारी, पाटीवरची माझी अक्षरं बघून "छान काढलीस गं वेलबुट्टी" म्हणणारी, ती पालक तूच आहेस हे डोक्यात आलंच नाही.

भावोजींनी ते दाराशी बसून पेपर वाचावा तसं मोठ्यानं वाचलं, सासूबाई आणि दीर ऐकत होते, हे तू फाटकाशी सांगितलंस. दोनदा वाचलं म्हणालीस. मग ते उठले, तुझ्या चपला कपाटात ठेवल्या आणि किल्ली खिशात टाकली. आरडाओरडा नाही, काही नाही. पंधरा दिवसांत सामान बांधून तुम्हाला त्यांच्या दुसऱ्या भावाच्या गावी घेऊन गेले.

मी नियम पाळला होता, ताई. त्या नियमातून असं काही होईल हे माझ्या ध्यानात आलं नाही.

शेजारीण म्हणाली, टिटवी बोलत नाही. गाडीत बसल्यापासून बोलली नाही म्हणे. हे खरं का? मी तिला किती वेळा गप्प बसवलं असेल वर्गात. बाकी काही कळवलं नाहीस तरी चालेल. ती बोलते का, तेवढं कळव.

तुझी धाकटी

२२ डिसेंबर

ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं.

पहिलं पत्र टाकून आले आणि पेटीपासून चार पावलांवर थांबले. त्यात खोटं काही नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. मी मुलांना सांगते की अर्धी कबुली देऊ नये, ती पोटात राहते. तेव्हा आता सगळं सांगते.

शेरे लिहून झाल्यावर पुस्तकं मोठ्या बाईंकडे सहीला जातात. त्यांनी टिटवीचं पुस्तक बाजूला काढून मला बोलावलं.

"हे असंच जाऊ द्यायचं?"

"तिचेच शब्द आहेत, बाई. सूचनेत तसंच म्हटलंय."

"शब्द तिचेच आहेत हो. पण घर काही तिच्या एकटीचं नाही. हा रकाना कोरा सोडलात तरी चालेल."

"बाकी तेहेतीस भरलेत. एकच कोरा दिसला तर मुलीलाच वाईट वाटेल."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि सही केली. मुलीला वाईट वाटेल हे मी त्या क्षणी शोधलेलं कारण होतं. पुढच्या आठवड्यात तपासणीला माणसं येणार होती. मनाचा तास कुठे नीट चालतो ते ती बघणार होती, आणि नमुन्याला पाच पुस्तकं ठेवायची होती. बाकी मुलांचे शेरे म्हणजे 'मला कुत्र्याची भीती वाटते', 'दादानं पेन घेतलं म्हणून राग आला'. टिटवीचं वाक्य मात्र ऐकणाऱ्याचा श्वास अडकेल असं होतं. मी ते पुस्तक गठ्ठ्याच्या वर ठेवलं. तपासणीला आलेल्या बाईंनी ते वाचलं, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाल्या, "तुमच्या वर्गात मुलं खरंच बोलतात हो." माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्या वेळी तू माझ्या मनात कुठेही नव्हतीस.

आता दुसरं. हे पहिल्याहून वाईट आहे.

शाळा सुरू झाली त्याच्या आसपास तू माझ्या खोलीवर आली होतीस. माझ्या साड्या इस्त्री करून आणल्या होत्यास. मी चहा केला. तू भिंतीकडे बघत विचारलंस, "काय गं, तुझ्या या खोलीत दोन माणसं मावतील का? एक मोठं, एक लहान?"

मी म्हटलं, "मालकीणबाईंना विचारावं लागेल. कागदावर 'एकटीसाठी' असं लिहिलंय."

"बरं, बरं. सहज विचारलं." तू चहा संपवलास, दोन्ही कप विसळून पालथे घातलेस आणि गेलीस.

मी मालकीणबाईंना विचारलंच नाही. त्या नाही म्हणतील अशी भीती नव्हती मला, ताई. त्या हो म्हणतील अशी भीती होती. आपल्या माहेरच्या घरात इस्त्रीचं टेबल, कपड्यांचे गठ्ठे आणि पाच माणसं. मी बी.एड.चा अभ्यास गठ्ठ्यांवर बसून केला. जन्मात पहिल्यांदा मला एक दार मिळालं होतं जे आतून लावलं की बाहेर कोणीच माझं नसे. ते मला हवं होतं. तू नळ सोडून का रडत होतीस ते मला टिटवीनं सांगायच्या आधीच माहीत होतं. कुठे जायला जागाच नव्हती म्हणून.

तू नऊ वर्षांची होतीस तेव्हा मी तुझ्या कडेवर होते, म्हणून तू शाळेत गेली नाहीस. मी सहा वर्षांची झाले तेव्हा तू मला शाळेत नेलंस आणि घंटा होईपर्यंत भिंतीबाहेर उभी राहिलीस, कारण मी रडत होते. चौथीपर्यंत मी रोज सकाळी ओकायचे. गुरुजींनी शेरा लिहिला होता, 'हुशार, पण घाबरट'. कशाला घाबरते हे त्यांनी विचारलं नाही. म्हणून मनाच्या तासाची गोष्ट निघाली तेव्हा सगळ्यांच्या आधी माझा हात वर गेला. माझ्या वर्गात एकीला दुसऱ्यांच्या पेन्सिली मोडायची सवय होती. गोलात बसायला लागल्यावर तिसऱ्या महिन्यात ती म्हणाली, "माझ्याकडे कोणाचं लक्ष जात नाही म्हणून मी मोडते. घरात सगळे बाळाकडेच बघतात." त्यानंतर पेन्सिली मोडल्या नाहीत असं नाही, पण मोडायच्या आधी ती मला सांगायला येऊ लागली. हे काम खरं आहे, ताई, हे मी अजूनही म्हणेन. मुलांना विचारायला मी शिकले होते. त्यांनी सांगितलेलं ठेवायचं कुठे, हे शिकले नव्हते.

क्षमा कर असं लिहिण्याची हिंमत नाही. पण तुला सगळं ठाऊक असावं.

तुझी धाकटी

९ जानेवारी

मुकादमबाई,

हे पत्र जाड अक्षरात, एकेक ओळ सोडून लिहिलं आहे. तुम्ही वाचायचं आहे. टिटवीच्या हातात देऊ नका. हात जोडून सांगते, देऊ नका.

तुमच्या परवाच्या फोननंतर मी वर्गात परत गेले आणि फळ्यावरची बेरीज चुकवली. मुलांनी दुरुस्त केली. तुम्ही जे बोललात ते मी घरी येऊन लिहून काढलं, मला ती खोड आहे. पुन्हा लिहिते, म्हणजे मी काही चुकीचं ऐकलं असेल तर कळवाल.

तुम्ही म्हणालात, "तू ती धाकटी का? हे बघ, ती आत चादरींच्या घड्या घालतेय, तिला ठाऊक नाही मी फोन केलाय. तुझं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. मला दुकानाच्या पाटीएवढं अक्षर लागतं. मी कुठून वाचणार?"

मी विचारलं, "मग कोण वाचतं?"

"कोण म्हणजे? पोरगी. शाळा सुटली की इथेच येते. गठ्ठ्यावर बसते आणि आईला वाचून दाखवते. एरवी तोंडातून शब्द नाही, हाक मारली तर मान हलवते, पण पत्र वाचते. पहिलं तीनदा वाचलं."

"दुसरंही?"

"दुसरंही. ते खोलीचं काहीतरी आलं तिथे थांबली. म्हणाली, आई, इथलं अक्षर लागत नाही. आणि पुढच्या पानावर गेली. मी डोकावून बघितलं. अक्षर तर सगळीकडे सारखंच होतं."

मग तुम्ही म्हणालात, "शिकलेली आहेस ना तू? मग पोरीच्या तोंडून हे सगळं वदवून घेताना तुला कसं काही वाटलं नाही?"

मुकादमबाई, मला ठाऊक नव्हतं. पण हे उत्तर मी एकदा देऊन बसले आहे, ते पुन्हा देणार नाही. ठाऊक करून घ्यायला हवं होतं. ताईजवळ वाचणारं माणूस कोण आहे, हे एका नऊ वर्षांच्या मुलीला वाचायला शिकवणाऱ्या बाईला सुचायला हवं होतं.

तिनं काय वाचलं ते मी आता मोजून काढलं. तिच्या वाक्यामुळे घर हललं, हे तिनं स्वतःच्या तोंडानं आईला तीनदा ऐकवलं. तिचं वाक्य मी मिरवलं, हे वाचलं. मावशीनं तिला आणि तिच्या आईला खोलीत घेतलं नाही, हेही वाचलं. आणि ते आईला ऐकू जाऊ नये म्हणून तिनं अक्षर लागत नाही असं सांगितलं.

एक विनंती. तिनं तो भाग गाळला, हे ताईला कळू देऊ नका. ते तिचं तिच्यापाशी राहू दे. माझं मी ताईला सांगते. सोबतचा कागद त्यासाठी आहे. दुपारच्या सुट्टीत, टिटवी शाळेत असताना, वाचून दाखवा.

ताई,

हे मुकादमबाई वाचत आहेत. थोडक्यात लिहिते.

तू मला खोलीबद्दल विचारलं होतंस. मी मालकीणबाईंना विचारते म्हटलं आणि विचारलं नाही. मला एकटीला राहायचं होतं. हे मी तुला तोंडावर सांगायला हवं होतं.

आता मी जागा बदलली आहे. दोन खोल्या आहेत, दार रस्त्यावर उघडतं, कागदावर 'कुटुंबासाठी' असं लिहून घेतलं आहे. मागच्या खोलीत दोन गाद्या आहेत. तुम्ही दोघी कधीही या. कळवायची गरज नाही. शनिवारी शाळा सकाळची असते, बाकी दिवशी किल्ली शेजारच्या शिंप्याकडे ठेवते. त्याला सांगून ठेवलंय, एक बाई आणि एक मुलगी येतील, काही विचारू नका, किल्ली द्या. तो म्हणाला, "आणि आल्याच नाहीत तर?" मी म्हटलं, तरीही रोज ठेवत जाईन.

टिटवीला एक निरोप तुझ्या तोंडून सांग, पत्रातून नको. ती जे बोलली ते बरोबर होतं. तिच्या बोलण्यानं काही मोडलं नाही. मोठ्या माणसांनी मोडलं.

धाकटी

३ फेब्रुवारी

मुकादमबाई,

ताईचं पत्र पोचलं. तुम्ही फोनवर म्हणालात की तुम्ही लिहून देत होतात, पण ताईनं ऐकलं नाही. "तिलाच लिहू दे, तिला येतं," म्हणाली. तसं म्हणताना तिचा चेहरा कसा होता, हे मी तुम्हाला विचारणार होते आणि विचारलं नाही.

पत्र टिटवीच्या अक्षरात आहे. समास सोडलेला, ओळी सरळ. मी शिकवलं तसं. सगळं पत्र एवढंच आहे:

'धाकटे, तू सांगितलंस ते कळलं. खोली नको. आम्ही येणार नाही. तू दुसऱ्यांच्या मुलांना शिकव. तू चांगलं शिकवतेस. माझ्या मुलीला आता कोणी काही विचारू नये आणि तिच्याबद्दल कोणी काही लिहू नये. पत्र नको.'

'माझ्या मुलीला' हे तिनं स्वतःबद्दल लिहिलं. कुठे खाडाखोड नाही. मी कागद उलटून बघितला, कडेला काही आहे का बघितलं. तिला समासात चिमण्या काढायची सवय होती, त्यावरून ती माझी बोलणी खायची. एकही नव्हती.

तेव्हा ताईला मी पत्र लिहीत नाही. तिचं म्हणणं मला मान्य आहे. हे तुम्हाला लिहिते, कारण एक गोष्ट अशी आली आहे की ताईला विचारल्याशिवाय मला पाऊल टाकता येत नाही. आणि या वेळी मी विचारल्याशिवाय टाकणार नाही.

शुक्रवारी टिटवीच्या नव्या शाळेकडून दाखल्याची मागणी आली. दाखला वर्गशिक्षिकेनं भरायचा असतो. मी भरला. 'वर्तणूक' या शब्दापुढे 'चांगली' लिहिलं आणि बराच वेळ त्या एका शब्दाकडे बघत बसले. पटावरचं नाव लाल शाईनं खोडलं. आज हजेरी घेताना मी त्या जागेवर आले आणि थांबले. वर्ग माझ्याकडे बघत होता. मग पुढचं नाव घेतलं.

मागणीबरोबर तिथल्या वर्गशिक्षिकेची एक चिठ्ठी आहे. 'विद्यार्थिनी वर्गात अजिबात बोलत नाही. तोंडी प्रश्नांना उत्तर देत नाही. जुन्या शाळेतही असेच होते काय? काही कारण असल्यास कळवावे. अन्यथा नव्या वर्षी तिला पुन्हा चौथीतच बसवावे लागेल.'

ती आमच्याकडे वर्गात पहिल्या तिघींत होती, मुकादमबाई. तिला पुन्हा त्याच वर्गात बसवलं तर मुलं तिला काय म्हणतील ते मला ठाऊक आहे, आणि ती उत्तर देणार नाही हेही ठाऊक आहे. मी गप्प बसले तर हे होईल. लिहिलं तर ताईचा शब्द मोडेल.

ताईला एवढंच विचारा. त्या बाईंना मी उत्तर लिहू का? ती नको म्हणाली तर मी फक्त दाखला पाठवीन. तिला समजावू नका, तिच्यामागे लागू नका. तुमची जीभ मला फोनवरून कळली आहे, म्हणून सांगते. फक्त विचारा, आणि ती म्हणेल ते मला कळवा.

तिची धाकटी

१२ फेब्रुवारी

मुकादमबाई,

तुमचा फोन झाल्यावर मी ताईचं म्हणणं पुन्हा एकदा तपासून बघते, चूक व्हायला नको.

तुम्ही विचारलंत तेव्हा ती घड्या घालत राहिली. दोन गठ्ठे झाले. मग म्हणाली, "लिही म्हणावं. पण घरातलं एक अक्षर नको. मावशी म्हणून लिहायचं नाही, तिची कोणी म्हणून लिहायचं नाही. आणि आधी मला ऐकवायचं." तुम्ही म्हणालात, "अगं, सख्खी बहीण आहे ती तुझी." त्यावर ताई म्हणाली, "म्हणूनच."

ते शेवटचं तुम्ही मला सांगितलं नसतंत तरी चाललं असतं. पण सांगितलंत ते बरं झालं.

सोबत दाखला आहे आणि पत्र आहे. जाड अक्षरात लिहिलं आहे, तशाच अक्षरात त्या बाईंना जाईल. टिटवी शाळेत असताना ताईला वाचून दाखवा. एखादी ओळ तिला नको वाटली तर तिच्यावर काट मारा, मला कारण नको. सगळंच नको वाटलं तर पत्र फाडून नुसता दाखला पाठवा. हो म्हणाली तरच पत्र पाकिटात घाला. तिकीट लावून ठेवलं आहे.

किल्ली मी अजून शिंप्याकडे ठेवते. हे तिला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. नाही, थांबा. हेही तिला विचारल्याशिवाय सांगू नका.

धाकटी

१२ फेब्रुवारी

इयत्ता चौथीच्या वर्गशिक्षिका यांस,

आपली चिठ्ठी मिळाली. दाखला सोबत आहे. आपण विचारलंत याबद्दल आभारी आहे. पुष्कळ ठिकाणी न विचारताच मूल पुन्हा त्याच वर्गात बसवतात.

जुन्या शाळेत असं नव्हतं. ती वर्गात सर्वांत जास्त बोलणारी मुलगी होती. एका दमात तीन गोष्टी सांगायची आणि तिन्ही अर्ध्या ठेवायची. तिला पाढे येतात, भागाकार येतो, वाचन तिच्या वयाच्या पुढचं आहे. आपण लेखी विचारलंत तर ती सगळी उत्तरं लिहून देईल. एकदा तसं करून बघावं अशी विनंती आहे. मग तिला पुन्हा चौथीत बसवायचं कारण आपल्याला दिसणार नाही.

न बोलण्याचं कारण आपण विचारलं आहे. ते मला ठाऊक आहे, आणि ते मी लिहिणार नाही. ते तिचं आहे. आमच्या शाळेत तिनं एक गोष्ट विश्वासानं सांगितली होती आणि ती सांभाळली गेली नाही. त्यात तिचा किंवा तिच्या घरच्यांचा दोष नव्हता. तिच्या वर्गशिक्षिकेचा होता. ती वर्गशिक्षिका मी आहे. याहून जास्त आपल्याला कळण्याची गरज नाही, आणि आपण तिलाही विचारू नये.

मी आठ वर्षं शिकवते आहे. मुलांनी मनातलं बोलावं यासाठी शाळेत तास असावा असं मला पूर्वीही वाटायचं, आजही वाटतं. आपल्याकडे तसा तास असेल तर तिला त्यात बसू द्या. तिची पाळी आली आणि तिनं ती पुढच्याला दिली तर देऊ द्या. वर्षभर दिली तरी देऊ द्या. बोल म्हणू नका, आणि न बोलण्याबद्दल शाबासकीही देऊ नका. तिला काम सांगा. ती फळा नीट पुसते, वह्या गोळा करताना एकही चुरगळत नाही. शाळा सुटल्यावर ती आईकडे जाते, तेव्हा तिला उशीर होऊ देऊ नका. आई वाट बघते.

एखाद्या दिवशी ती आपल्याशी बोलेल. बहुधा तासाला बोलणार नाही. आपण कुलूप लावत असताना किंवा चपला घालत असताना येऊन काहीतरी सांगेल. ते छोटंसं असेल, किंवा फार मोठं असेल. तेव्हा फक्त ऐका. कोणाला ते सांगायला हवं असं आपल्याला वाटलं, तर आधी तिला विचारा, मग तिच्या आईला विचारा, आणि दोघी हो म्हणाल्या तरच सांगा. कुठल्याही रकान्यात ते लिहू नका.

ती माझ्याबद्दल काही विचारणार नाही. आपणही काही सांगू नका.

दाखल्यासोबतच्या कागदावर 'माहिती देणाऱ्याचे विद्यार्थिनीशी नाते' अशी एक ओळ आहे. ती कोरी सोडली तर कागद परत येतो, असं कार्यालयात सांगितलं. म्हणून तिथे 'काही नाही' असं लिहिलं आहे.

आपली,
जुन्या शाळेतील वर्गशिक्षिका